मनकर्णाबाईचं कडक पाणी

जळकोटात कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की पहिला सांगावा मनकर्णाबाईला जायचा. डॉक्टरचं काम एका दिवसाचं, मनकर्णाबाईचं सव्वा महिन्याचं. पाटावर पाय लांब करून ती बसायची, लेकरू पायांवर पालथं घ्यायची आणि पाठीवरनं तेलाचा हात असा फिरवायची की ते आधी घर डोक्यावर घ्यायचं आणि मग हळूहळू गप पडायचं. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली होती. आता मिशा फुटलेली, मोटरसायकली उडवणारी तीच पोरं चौकात दिसली की ती बिनदिक्कत सांगायची, तुझी टाळू म्या भरली बाबा, जरा हळू चालव. पोरं लाजायची आणि दोन दिवस हळू चालवायची.

पाणी मात्र कडक. ह्या एका बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. कोमट पाणी भांड्यांना, माणसाला कडक, हा तिचा कायदा. एखादी नवखी बाळंतीण भिऊन घंगाळात गार पाणी ओतायला आली की तिच्या हातातला तांब्या ती काढून घ्यायची. लेकराचं अंग लाल झालं पाहिजे, मग शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी, मग गच्च गुंडाळून झोप. लेकरू दुपारपर्यंत हलत नसे आणि बाळंतीण मनकर्णाबाईला दुवा देत असे.

अशा बाईला स्वतःचा नातू झाला म्हटल्यावर काय विचारता. मुलगा भारत नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला, सून गीतांजली तिथंच एका शाळेत शिकवायची. गीतांजलीला आई नव्हती, तेव्हा बाळंतपण सासरच्यांनीच करायचं हे ठरलेलं होतं. मनकर्णाबाईनं घराला कुलूप लावलं, पाट आणि तांब्याचं घंगाळ पोत्यात बांधलं, एसटीत कंडक्टरशी भांडून ते पोतं पायाशी घेतलं आणि ती नांदेडला आली. तरोडा नाक्याजवळच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात घंगाळ ठेवायला जागा नव्हती. भारत म्हणाला, माय, गिझर हाय की. तिनं गिझरकडं असं बघितलं की भारतनं पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

लेकराचं नाव सर्वेश ठेवलं. गोरंगोमटं, हसरं, आजीचा आवाज आला की मान वळवणारं. वेळेवर पालथं पडलं, वेळेवर बसायला लागलं. गीतांजली त्याला सासूच्या पायांवर देऊन निवांत चहा प्यायची. ती सासूला आत्या म्हणायची, त्यांच्याकडची रीतच ती, पण आई गेल्यापासून तिच्या आयुष्यात तसा चहा आला नव्हता. शेजारच्या बायका विचारायच्या, लेकराच्या अंगाला काय लावता हो, आणि मनकर्णाबाई मान वर करून सांगायची, काई न्हाई, पाणी.

सहा महिने झाले असतील नसतील. एका सकाळी आंघोळ झाली, तिनं त्याला पंच्यात गुंडाळलं आणि पंच्याच्या आत त्याचा डावा हात उडू लागला. तिला वाटलं, उचकी असेल. पंचा सोडून बघते तर हात उडतोय, पाय उडतोय, तोंडाचा डावा कोपरा खेचला जातोय आणि डोळे एकाच बाजूला लागलेले. उजवं अंग मात्र गुमान पडलेलं. तिनं हाका मारल्या, गाल थोपटले, तळवे चोळले. गीतांजली धावत आली. शेजारणीनं कांदा फोडून नाकाशी धरला. कुणी म्हणालं चप्पल हुंगवा, तीही हुंगवली. थांबेना. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, तोवर सगळ्या रस्त्यानं तो हात तसाच उडत होता. सुई दिली तेव्हा कुठं निवला.

डॉक्टरांनी ताप बघितला. थोडा होता. तापात लेकरांना असे झटके येतात, म्हणाले, पाच-सहा वर्षांचा झाला की आपोआप जातील, घाबरू नका. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मनकर्णाबाईनं मात्र मनाशी वेगळंच ठरवलं. ताप कशानं आला तर गारठ्यानं. जळकोटच्या न्हाणीत चूल पेटलेली असते, इथं फरशी गार आणि वर उघडी खिडकी. दोष सापडला म्हटल्यावर इलाज सोपा. तिनं खिडकीत जुनं लुगडं कोंबलं, दार लावून घेतलं आणि पाणी आणखी कडक केलं. लुगड्याचं दुसरं टोक गीतांजलीनंच धरलं होतं, आणि गॅसवरचं पातेलं भारत स्वतः उचलून आणून द्यायचा. कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाटावं तरी कसं.

पुढचा झटका उजव्या अंगाला आला. मग लस टोचली, ताप आला आणि त्या तापात आला. तेव्हा काही दिवस सगळ्यांचा राग लसीवर निघाला. मग एकदा ताप नव्हताच, नुसती आंघोळ झाली होती, तरी आला. मनकर्णाबाई म्हणाली, बघा, गारठा हाडात बसलाय. तिनं धुरी दोन वेळा सुरू केली. गीतांजलीच्या माहेरहून, भोकरहून, तिचा भाऊ आला, त्यानं कुठून तरी मंतरलेला धागा आणून लेकराच्या दंडाला बांधला. डॉक्टरांनी फिटचं औषध सुरू केलं, तर झटके कमी व्हायचे सोडून वाढले. औषध वाढवलं, झटके आणखी वाढले. डॉक्टरांचाही त्यात दोष नव्हता म्हणा. नेहमीच्या फिटला ते औषध लागू पडतं, आणि ही नेहमीची फिट नव्हती. पण एवढं कळायला लेकराचा पहिला वाढदिवस उलटून गेला.

लहान मुलांच्या मेंदूच्या एक डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा नांदेडला यायच्या. नाव मनस्विनी, वय भारतएवढंच असेल. त्यांनी मोबाईलवरचा झटक्याचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला, औषधांची चिठ्ठी बघितली, त्यातल्या एका नावावर बोट ठेवून म्हणाल्या, हे आपण हळूहळू बंद करू. मग त्यांनी विचारलं, झटका यायच्या आधी काय झालेलं असतं? ताप, गीतांजली म्हणाली. आणखी काही? गीतांजली आठवू लागली. तेवढ्यात मनकर्णाबाई खुर्चीतून पुढं सरकली. इतक्या महिन्यांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. आपल्याकडून कसलीच कसर राहिली नाही, हे तिला एकदा कुणाला तरी सांगायचं होतं.

"म्या तर लई जपते बाई," ती म्हणाली. "रोज कडक पाण्यानं न्हाऊ घालते, दार-खिडकी लावून. वाऱ्याची झुळूक लागू देत न्हाई. तरीबी आंघोळ झाली की येतंय."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "किती कडक, आजी?"

"हात घातला की काढावा वाटावा, एवढं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं की आजपासून गरम पाणी बंद, धुरी बंद, गुंडाळणं बंद. ह्या लेकराला ऊब सोसत नाही.

मग त्यांनी सगळं समजावलं. मेंदूतल्या पेशींना बारीक बारीक दारं असतात, त्यांतून सारखी ये-जा चालते. ह्याच्या एका दाराची कडी जन्मतःच ढिली आहे. अंग तापलं, ऊन लागलं, गरम पाणी पडलं, कधी कधी फार आनंद झाला तरी ती निसटते आणि आत गोंधळ माजतो. नेहमीच्या काही औषधांनी ती कडी आणखी ढिली होते. आजाराचं नाव ड्रॅव्हे, हजारो लेकरांत एखाद्याला होतो. रक्त बाहेरगावी तपासायला पाठवू, पण मला तेच वाटतंय, असं त्या म्हणाल्या. वाढ मागं पडेल, बोलायला उशीर लागेल, पडण्या-धडपडण्याला जपावं लागेल, हेही त्यांनी लपवलं नाही. भारतनं विचारलं, बरा होईल ना? झटके कमी करता येतील, त्या म्हणाल्या. विचारलं एक आणि उत्तर आलं दुसरंच, हे भारतच्या ध्यानात आलं, पण पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही.

सगळे बाहेर पडले तरी मनकर्णाबाई दारात रेंगाळली. "बाई, माझ्या पाण्यानं झालं का हे?"

"नाही आजी. पाण्यानं झटका यायचा, आजार नाही झाला. तो जन्मापासून आहे. तुम्ही लेकराला कधी हात लावला नसता तरी झालाच असता."

ह्यातलं 'पाण्यानं झटका यायचा' एवढंच मनकर्णाबाईनं घरी नेलं. बाकीचं तिला शिकल्यासवरल्या लोकांचं सभ्य बोलणं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कोण सांगतंय.

दोन दिवस ती जेवली नाही. लेकरू तिच्याकडं बघून हात पसरायचं आणि ती आत निघून जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली. गीतांजलीनं अडवलं, भारतनं अडवलं. तिनं एकच सांगितलं, शेताकडं बघाया कुणी न्हाई. शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं, हे तिघांनाही माहीत होतं. घंगाळ तिनं मोडीत घाला म्हणून सांगितलं आणि एसटी धरली.

जळकोटात आल्यावर बाईनं काय करावं? शेजारच्या शिवगंगेची लेक बाळंत झाली, शिवगंगा मोठ्या हौसेनं सांगायला आली, तर हिनं सांगितलं, मनगट धरलंय. दुसरीला सांगितलं, डोळ्याला दिसत न्हाई. तिसरीला तर दारातूनच वाटेला लावलं. गावात कुजबूज झाली की नांदेडला जाऊन मनकर्णाबाईला ताठा आला. ती घरात बसून होती, कुणाच्या बारशाला जात नव्हती. आपल्या हातांकडं बघायची तिला चीड यायची. ज्या हातांचा एवढा तोरा मिरवला, त्याच हातांनी लेकराला महिनोन्‌महिने चटके दिले, आणि ते सांगू शकत नव्हतं म्हणून रोज दिले. चूल पेटवताना हे आठवलं की ती तशीच बसून राहायची आणि चूल विझून जायची.

रोज संध्याकाळी भारतचा फोन यायचा. ती इकडचं तिकडचं काही विचारत नसे. "आला का?" एवढंच. पहिल्या आठवड्यात भारत म्हणाला, एकदा आला होता माय. त्या फोनवर ती इतकी रडली की फोन गीतांजलीला घ्यावा लागला. त्यानंतर मात्र रोज एकच उत्तर, न्हाई माय, नव्या औषधानं चांगलं चालू आहे. आठवडा गेला, महिना गेला. आला का? न्हाई माय.

मधे रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तोच आजार निघाला. भारतचं आणि गीतांजलीचंही रक्त तपासलं होतं, दोघांतही काही दोष नव्हता. भोकरचे लोक म्हणत होते जळकोटच्या रक्तातून आलं, जळकोटचे भोकरकडं बोट दाखवत होते. रिपोर्ट म्हणाला कुणाकडूनच नाही, लेकरातच नव्यानं झालेलं. गीतांजलीनं हे सगळं फोनवर नीट फोड करून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. कुणाचाच दोष नाही, आत्या, असं दोनदा म्हणाली. मनकर्णाबाईनं हूं हूं केलं. कुणाचाच दोष नाही असं जगात कधी काही झालंय का? तिनं तो दोष केव्हाच उचलून आपल्या घरी आणून ठेवला होता.

आणि आता गंमत ऐका, गंमत म्हणावी तर. बाई हळूहळू सावरली. झोप लागू लागली, दोन घास जास्त जाऊ लागले. मनाशी तिनं सगळं जुळवून घेतलं होतं. मी होते तोवर झटके, मी निघाले आणि झटके गेले. म्हणजे मीच होते. पाप तर पाप, पण पाप आता जळकोटात आहे आणि लेकरू नांदेडला. मी तिकडं पाऊल टाकलं नाही की ते चालेल, बोलेल, शाळेत जाईल. व्हिडिओ कॉलवर ते तिच्याकडं बघायचं नाही, भलतीकडंच कुठंतरी बघायचं. गीतांजली म्हणायची, औषधाची गुंगी असते, आत्या. ते पटायचं. ती मनातल्या मनात त्याला पाटी-दप्तर घेऊन द्यायची, मुंडावळ्या बांधायची, आणि त्या मांडवात स्वतःला लांब, पार शेवटच्या रांगेत बसवायची. तेवढ्यावर ती खुश होती.

भारत दोनदा न्यायला आला. ती गेली नाही. गीतांजलीनं नोकरी सोडली असं एकदा कळलं. कामून, म्हणून विचारलं तर भारत म्हणाला, लेकराजवळ राहावं वाटतंय तिला. चांगलं झालं, मनकर्णाबाई म्हणाली.

मार्गशीर्षात एक दिवस गीतांजलीच न सांगता येऊन उभी राहिली. कडेवर सर्वेश. दोन वर्षांचा झाला होता. डोक्याला आतून फोम शिवलेली जाड टोपी, कपाळावर टाक्यांची खूण. मनकर्णाबाई हरखून पुढं झाली आणि हाताच्या अंतरावर थांबली. कपाळाला काय झालं, तिनं विचारलं. चालताना पडला, गीतांजली म्हणाली. तिनं लेकरू पुढं केलं तशी मनकर्णाबाई पाणी आणायला म्हणून आत गेली. गीतांजली उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि साडीची पिन उलटी लागली होती. तिला सासूला काहीतरी सांगायचं होतं, पण त्या दिवशी ती जेवली आणि भिंतीला टेकल्या टेकल्या झोपली.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. हवा गार. गीतांजलीनं अंगणात लेकराला न्हाऊ घातलं, पाणी जेमतेम कोमट. मनकर्णाबाई लांब ओट्यावर बसून बघत होती. कोमटसुद्धा कशाला, असं तिला वाटत होतं. आंघोळ झाली, लेकरू पुसून कोरडं झालं, खेळायला लागलं. चांगला घंटाभर गेला असेल. गीतांजली कपडे वाळत घालायला परसात गेली. सर्वेश पाय फाकवून, डगमगत अंगण ओलांडून आला, ओट्याला धरून उभा राहिला आणि आजीच्या मांडीवर चढायची खटपट करू लागला. तिनं हात मागं घेतले. तो घसरला, पुन्हा चढू लागला. शेवटी तिनं त्याला काखेत हात घालून उचललं. तेवढंच. वर्षभरात पहिल्यांदा. तो तिच्या पोटाला टेकून बसला. त्याच्या केसांचा वास आला आणि ती सगळं विसरली.

बोटानं तिच्या हातातली बांगडी फिरवत होता. बोट थांबलं. मग ते उडू लागलं.

मनकर्णाबाईच्या तोंडून एवढंच फुटलं, "गीता, माझा हात लागला."

गीतांजली आली. धावत नाही, भराभर आली. तिनं लेकरू सासूच्या मांडीवरून उचललं, सतरंजीवर कुशीला वळवलं, टोपीचा बंद सोडला, तोंडातली लाळ पुसली. कमरेच्या पिशवीतून औषधाची छोटी बाटली काढली, नाकपुडीला लावली, फवारा मारला, मोबाईलवर वेळ बघितली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. ना रडणं, ना हाका, ना कांदा. एकही हालचाल वाया गेली नाही, एकही दुसऱ्यांदा करावी लागली नाही.

हातांतलं मनकर्णाबाईला कळत होतं. जन्मभर दुसरं काय केलं होतं तिनं? नवखा हात तिला लांबून ओळखू यायचा आणि मुरलेलाही. सुनेचे हात ती बघत राहिली. चार-दोन वेळा केल्यानं हात असा होत नाही. रोज करावं लागतं, तेव्हा होतो.

झटका थांबला नाही. शिवगंगेच्या लेकानं जीप काढली, उदगीरच्या दवाखान्यात नेलं. जीपमध्ये गीतांजलीनं दुसरा फवारा मारला नाही, आता सुईच लागणार म्हणाली, आणि तीच लागली. दुपारी सर्वेश पलंगावर निपचित झोपला होता, नाकाशी ऑक्सिजनची नळी. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या.

"किती वेळा येतो?" मनकर्णाबाईनं विचारलं.

गीतांजलीनं लेकराच्या नाकाशी असलेली नळी नीट केली. मग सगळं एकदम बाहेर आलं. मोजायचं तिनं सोडलं होतं. गरम पाणी बंद झालं, औषध बदललं, झटके थोडे कमी झाले, पण थांबले कधीच नाहीत. तापात येतात, उन्हात येतात, हसताना येतात, काही कारण नसताना येतात. पाळणाघरानं ठेवून घेतलं नाही म्हणून नोकरी सोडली. कपाळ फुटलं तेही झटक्यातच. चार शब्द बोलायला लागला होता, ते गेले. पहिल्या आठवड्यात फोनवर तुम्ही तशा रडलात, ती म्हणाली, म्हणून भारत म्हणाला मायला सांगायचं नाही. एकदा नाही म्हटलं, मग रोज म्हणावं लागलं. आता एकटीनं होत नाही, हे सांगायला ती आली होती. आणि आणखी एक सांगायला.

"तुम्ही गेल्यावरही तसाच येत होता, आत्या. तुमचा काही दोष नव्हता. आता तरी मनातून काढा."

सासूला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. मनकर्णाबाईनं पदर तोंडात कोंबला. गीतांजली उठून तिच्याजवळ आली तर तिनं सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"माझ्यामुळं असतं तर," ती म्हणाली, "मी गेल्यावर थांबलं असतं की गं."

गीतांजलीला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि इतके महिने एकदाही न रडलेली ती बाई सासूच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मनकर्णाबाई तिला थोपटत राहिली. सगळं बरं होईल असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाहेर पावसाचे चार थेंब पडून गेले, नर्स येऊन सलाईन बघून गेली.

बऱ्याच वेळानं मनकर्णाबाईनं हात पुढं करून लेकराच्या पावलाला लावला. पाऊल गार पडलं होतं. तिनं पायथ्याची चादर उचलली, अर्धवट वर आणली आणि थांबली.

"गीता," तिनं विचारलं, "पाय गार लागायलाय. झाकू का उघडाच ठेवू?"

गीतांजलीनं डोळे पुसले, पावलाला हात लावून बघितला.

"मलाही कळेना, आत्या," ती म्हणाली.